अनवाणी नायक : ‘डाय हार्ड’ अजून का पाहिला जातो?



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, इतिहासाच्या मालिकेत हा मारधाडीचा सिनेमा कुठून आला? पण सिनेमा हाही त्या त्या काळाचा कागदच असतो. ज्या वर्षी तो निघतो त्या वर्षाची भीती, हाव, मिजास असं सगळं त्यात नकळत उतरतं. शिलालेख कोरणाऱ्याला आपण इतिहास लिहितोय हे ठाऊक असतं. मसाला सिनेमा काढणाऱ्याला ते ठाऊक नसतं, म्हणून तो पुष्कळदा जास्त खरं सांगून जातो.

तर आज ‘डाय हार्ड’. हा सिनेमा १५ जुलै १९८८ रोजी अमेरिकेत मोजक्या थिएटरांत लागला आणि पुढच्या आठवड्यात देशभर. आपल्यापैकी पुष्कळांनी तो थिएटरात पाहिलेलाच नाही. कुणी भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, कुणी नंतर केबलवर, रात्री आवाज बारीक करून. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की बेळगावला, एक अनुभव सारखाच असेल. चॅनेल बदलता बदलता हा सिनेमा लागलेला दिसतो, शेवट पाठ असतो, आणि तरी हात रिमोटवरून निघतो. असं का होतं?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कचा पोलीस जॉन मॅक्लेन नाताळच्या आदल्या संध्याकाळी लॉस एंजेलिसला येतो. बायको हॉली तिथे नाकातोमी या जपानी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिच्या नोकरीवरून दोघांत दुरावा आलाय. कंपनीच्या उंच इमारतीत पार्टी चालू असताना हान्स ग्रूबर आणि त्याचे हत्यारबंद साथीदार आत शिरतात आणि सगळ्यांना ओलीस धरतात. मॅक्लेन तेवढा निसटतो. त्याच्याकडे एक पिस्तूल आहे. अंगात बनियन आहे. पायात काहीच नाही, कारण विमानातल्या शेजाऱ्याने सल्ला दिलेला असतो की प्रवासाचा शीण घालवायचा तर बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटं आवळावीत. तो बिचारा तेच करत असतो, तेवढ्यात गोळ्यांचा आवाज येतो.

हे अनवाणी पाय लक्षात ठेवा. आपल्याला त्यांच्याकडे परत यायचं आहे.

म्हाताऱ्या पोलिसाची कादंबरी

गोष्टीचं मूळ एका कादंबरीत आहे. रॉडरिक थॉर्प नावाच्या लेखकाने १९६६ साली ‘द डिटेक्टिव्ह’ लिहिली. १९६८ मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला आणि त्यात नायक होता फ्रँक सिनात्रा. पुढे १९७४ मध्ये ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ हा जळत्या गगनचुंबी इमारतीचा सिनेमा आला. तो पाहून आल्यावर थॉर्पला स्वप्न पडलं, की बंदुका घेतलेले लोक एका माणसाचा उंच इमारतीत पाठलाग करताहेत. त्यातून १९७९ ची ‘नथिंग लास्ट्स फॉरएव्हर’ ही पुढची कादंबरी झाली. तिच्यात नायक निवृत्त आहे, वयस्कर आहे, आणि तो बायकोला नाही, मुलीला भेटायला आलेला आहे. हल्लेखोर राजकीय दहशतवादी आहेत. शेवटी ती मुलगी मरते. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून गप्प बसावं असा तो शेवट आहे.

आता गंमत अशी, की पहिल्या सिनेमात सिनात्रा असल्यामुळे करारानुसार स्टुडिओला ही भूमिका आधी त्यालाच देऊ करावी लागली. तो तेव्हा सत्तरी ओलांडलेला. त्याने नाही म्हटलं. मग त्या काळातल्या अनेक बलदंड नटांना विचारून झालं, त्यात अरनॉल्ड श्वार्झनेगरही होता. कुणी तयार होईना. शेवटी भूमिका गेली ब्रूस विलिसकडे. तो ‘मूनलाइटिंग’ या टीव्ही मालिकेतला, विनोदी ढंगाचा, बडबड्या नट. तिथे त्याची सहनायिका सिबिल शेफर्ड गरोदर राहिल्यामुळे मालिकेच्या चित्रणाला सुट्टी मिळाली आणि त्याच्या तारखा मोकळ्या झाल्या. त्याला पन्नास लाख डॉलर दिले तेव्हा हॉलिवूडमध्ये डोळे विस्फारले. टीव्हीवरच्या माणसाला एवढे पैसे? सुरुवातीच्या काही जाहिरातींत तर त्याच्या चेहऱ्यापेक्षा इमारतच मोठी दाखवली होती.

दिग्दर्शक जॉन मॅक्टिर्नन याने नुकताच, १९८७ मध्ये, ‘प्रेडेटर’ केला होता. त्याने दोन मोठे बदल करवून घेतले. कादंबरीत तीन दिवस चालणारी गोष्ट एका रात्रीत बसवली. आणि दहशतवाद्यांचे चोर केले. राजकारण तोंडी लावायला, डोळा तिजोरीतल्या चौसष्ट कोटी डॉलरच्या रोख्यांवर. मॅक्टिर्ननला वाटत होतं की दहशतवाद पाहून माणूस उदास होतो, पण हुशार चोर पाहताना मजा येते. हा निर्णय किती बरोबर होता हे पुढे दिसलंच. आज बऱ्याच राजकीय थरारपटांचे शत्रू शिळे झालेत. सोव्हिएत संघच उरला नाही, तर त्याचा खलनायक कसा उरणार? चोर मात्र शिळा होत नाही.

१९८८ चा उन्हाळा

हा सिनेमा कुठल्या हवेत आला ते पाहू. ऐंशीच्या दशकात अमेरिकन मारधाडपटाचा नायक म्हणजे स्नायूंचा डोंगर. १९८५ मध्ये श्वार्झनेगरचा ‘कमांडो’ आला, त्याच वर्षी स्टॅलोनचा दुसरा ‘रॅम्बो’. व्हिएतनाममध्ये हरलेलं युद्ध एक माणूस पडद्यावर एकट्याने जिंकून देत होता. राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा तो काळ, आणि देशाला आपण पुन्हा ताकदवान झालो असं वाटायला हवं होतं. गोळी त्या नायकाला लागायची, पण दुखायची नाही.

मे १९८८ मध्ये ‘रॅम्बो ३’ आला. तोवरच्या सर्वांत महागड्या सिनेमांपैकी एक. रॅम्बो अफगाणिस्तानात जाऊन सोव्हिएत फौजेशी लढतो. दुर्दैव असं, की १५ मे रोजी सोव्हिएत फौजा खरोखरच अफगाणिस्तानातून परतायला लागल्या आणि सिनेमा २५ मे ला लागला! इतिहास दहा दिवस आधी पोहोचला. परदेशात सिनेमा चालला, पण खुद्द अमेरिकेत त्याला खर्चाएवढाही गल्ला जमवता आला नाही. दोनच महिन्यांनी आलेल्या, त्याच्या निम्म्या खर्चाच्या आसपास बनलेल्या ‘डाय हार्ड’ने अमेरिकेत त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कमावलं.

समीक्षक सगळेच खूश नव्हते. रॉजर एबर्टसारख्या नावाजलेल्या समीक्षकाने चारपैकी दोनच तारे दिले. ऑस्करला चार नामांकनं मिळाली, तीही संकलन, ध्वनी, ध्वनिपरिणाम, दृश्यपरिणाम अशा तांत्रिक विभागांत, आणि पुरस्कार एकही नाही. पण लोकांना काहीतरी नवं दिसलं होतं. नायक घाबरलेला दिसला होता.

आपण भारतीय प्रेक्षक म्हणाल, जखमी नायक आम्हाला काय नवा? ‘दीवार’मध्ये विजय गोळी खाऊन देवळात आईच्या मांडीवर मरतो, ‘शोले’मध्ये जय मरतो, दोन्ही १९७५ चे. खरंय. मरणारा नायक आपल्याकडे होताच. पण तो मरायचा तेव्हाही डगमगायचा नाही. मॅक्लेन मरत नाही, पण सबंध सिनेमाभर डगमगतो. स्वतःशी बडबडतो, स्वतःला शिव्या घालतो, गच्चीवरून उडी मारण्याआधी देवाला विनवतो. ही दोन वेगळी नाणी आहेत.

राहून गेलेली माफी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

पहिली पटकथा जेब स्टुअर्टने लिहिली. त्याने पुढे मुलाखतींत सांगितलेली एक हकीकत आहे. पटकथा पुढे सरकत नव्हती, दिवसरात्र काम चाललेलं, त्यात बायकोशी भांडण झालं. रागाने तो गाडी घेऊन बाहेर पडला. हायवेवर अचानक समोर रेफ्रिजरेटरचं मोठं खोकं पडलेलं दिसलं. वळवायला जागा नव्हती, गाडी सरळ त्यावर गेली. खोकं रिकामं निघालं. पण त्या दोन सेकंदांत त्याला वाटलं होतं की आपण मेलो. गाडी बाजूला घेऊन तो थरथरत उभा राहिला आणि त्याला कळलं, की ही गोष्ट इमारतीची नाहीच. ही अशा माणसाची गोष्ट आहे, ज्याने बायकोला ‘माझं चुकलं’ म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही. तो घरी परतला आणि लिहायला बसला.

सिनेमा पुन्हा पाहा म्हणजे हे लख्ख दिसेल. मॅक्लेन येतो, हॉली त्याला प्रेमाने भेटते, आणि दोन मिनिटांत तो तिच्याशी वाद उकरून काढतो. कारण काय? कंपनीच्या यादीत तिने स्वतःचं माहेरचं आडनाव लावलंय. ती कामासाठी निघून जाते आणि तो आरशासमोर स्वतःवरच चिडतो. आपण मूर्खपणा केला हे त्याला लगेच कळलेलं असतं. पण तोवर दार बंद झालंय, आणि पुढच्या क्षणी गोळ्या सुटतात.

म्हणजे पुढचे दीड-दोन तास जे काही चालतं, ते स्फोट, दोरीला लटकणं, वायुवाहिन्यांतून सरपटणं, हे सगळं एका माणसाचं बायकोपर्यंत परत पोहोचणं आहे. दोघांमध्ये काही मजले आहेत आणि एक न उच्चारलेलं वाक्य आहे.

आता ते अनवाणी पाय. ग्रूबरला मॅक्लेनचे उघडे पाय दिसलेले असतात. तो चोर असला तरी डोक्याने तल्लख, त्यामुळे साथीदारांना सांगतो की काचांवर गोळ्या झाडा. सगळीकडे काचांचा सडा पडतो आणि मॅक्लेनला त्यावरून पळावं लागतं. नंतर तो स्वच्छतागृहात बसून तळपायांतल्या काचा एकेक करून उपसतो. रक्त वाहतंय, आवाज कापतोय. खाली रस्त्यावर असलेल्या पॉवेल या पोलिसाशी तो वॉकीटॉकीवर बोलतोय. दोघांनी एकमेकांचा चेहरासुद्धा पाहिलेला नाही. त्या अनोळखी माणसाला तो सांगतो की मी वाचलो नाही तर माझ्या बायकोला गाठ आणि माझी माफी तिच्यापर्यंत पोहोचव.

मला विचाराल तर सिनेमाचा कळस हाच आहे. गच्चीवरचा स्फोट नंतर येतो. ज्या नायकाला दुखतच नाही त्याला माफी मागायची वेळ येत नाही, कारण त्याला आपण चुकू शकतो असं वाटतच नाही. तळपायातली काच आणि जिभेवर अडकलेली माफी, दोन्ही एकाच दृश्यात बाहेर निघतात. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येणार नाही कदाचित, पण ते त्याला पोहोचतं. आपण कुणी दहशतवाद्यांशी लढत नाही. घरून भांडून निघालोय आणि आता फोन लागत नाहीये, हे मात्र आपल्यापैकी कितीकांनी अनुभवलंय.

इमारत आणि खलनायक

नुसत्या भावनेवर सिनेमा टिकत नाही, बांधणीही लागते. नाकातोमीची इमारत म्हणजे लॉस एंजेलिसच्या सेंच्युरी सिटी भागातली फॉक्स प्लाझा, सुमारे दीडशे मीटर उंच. सिनेमा काढणाऱ्या फॉक्स स्टुडिओच्या अगदी शेजारची. नुकतीच उभी राहिलेली होती, काही मजल्यांचं काम बाकी होतं. सिनेमात दिसणारे अर्धवट मजले त्यामुळेच इतके खरे वाटतात. पुढे अध्यक्षपद सोडल्यावर रेगन यांचं कार्यालयही याच इमारतीत होतं!

मॅक्टिर्नन आणि छायाचित्रणकार यान द बाँट यांनी एक गोष्ट फार काटेकोरपणे पाळली. कोण कुठे आहे हे प्रेक्षकाला जवळजवळ कायम माहीत असतं. पार्टी कुठल्या मजल्यावर, तिजोरी कुठे, गच्चीचा जिना कुठे, स्फोटकं कुठे. मॅक्लेन शत्रूंची नावं पेनाने हातावर लिहून ठेवतो, म्हणजे आपल्यालाही हिशेब राहतो. त्याची बनियन सुरुवातीला पांढरी असते आणि शेवटी काळपट. रात्र किती सरली हे त्या बनियनवर वाचता येतं. आजच्या अनेक मारधाडपटांत दर सेकंदाला दृश्य तुटतं आणि कोण कुणाला मारतोय तेच कळत नाही. कळलंच नाही तर भीती कशाची वाटणार?

आणि हान्स ग्रूबर. ॲलन रिकमन हा इंग्लंडच्या रंगभूमीवरचा नट, चाळिशी पार केलेला, आणि हा त्याचा पहिला चित्रपट. उंची सूट, मृदू आवाज, वाचन दांडगं. चित्रण सुरू असताना लक्षात आलं की त्याला अमेरिकन धाटणीचं इंग्रजी उत्तम बोलता येतं. त्यावरून एक प्रसंग नव्याने घातला गेला, ज्यात ग्रूबर मॅक्लेनसमोर ओलिसाचं सोंग घेतो. दोघं समोरासमोर येतात, सिगारेट ओढतात, आणि आपला जीव टांगणीला. शेवटी ग्रूबर इमारतीवरून कोसळतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं आहे. तीनला सोडू असं सांगून त्याला आधीच सोडलं होतं.

संगीतकार मायकेल केमनने बेथोव्हेनची ‘ओड टू जॉय’ची चाल वापरली, आणि तीही चोरांसाठी. तिजोरी उघडते तेव्हा ती चाल अशी उसळते की क्षणभर आपणही चोरांच्या बाजूचे होतो.

जपानची भीती

इतिहासाच्या अंगाने सगळ्यात बोलका तपशील म्हणजे इमारतीवरचं जपानी नाव. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांचा चलनकरार झाला. त्यानंतर दोन-अडीच वर्षांत येनची किंमत डॉलरच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट झाली. जपानी कंपन्यांना अमेरिका स्वस्त वाटू लागली. सिनेमानंतर वर्षभरातच, १९८९ मध्ये, सोनीने कोलंबिया पिक्चर्स घेतली आणि मित्सुबिशी इस्टेटने रॉकफेलर सेंटरमध्ये मोठा हिस्सा. अमेरिकेत चिंता होती की हे आपल्याला विकत घेणार.

सिनेमात ही चिंता आहे. नाकातोमीचे प्रमुख ताकागी स्वतःच हसत हसत पर्ल हार्बरवरून विनोद करतात. पण एक क्षण असा आहे, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ग्रूबर ताकागींना शोधताना त्यांचं चरित्र मोठ्याने म्हणून दाखवतो, आणि त्यात येतं की १९४२-४३ मध्ये ते मॅन्झनारच्या छावणीत होते. मॅन्झनार म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना जिथे डांबलं त्यांपैकी एक छावणी. त्यानंतर मोठमोठी विद्यापीठं, मग कंपनीचं प्रमुखपद. एका वाक्यात अख्खं आयुष्य. आणि पुढच्या काही मिनिटांत त्यांचा खून होतो. योगायोग पाहा, सिनेमा लागल्यावर महिनाभराच्या आत, ऑगस्ट १९८८ मध्ये, रेगन यांनी त्या छावण्यांबद्दल अधिकृत माफी मागणाऱ्या कायद्यावर सही केली. माफी मागायला एका देशाला पंचेचाळीसच्या वर वर्षं लागली.

जे आज टोचतं

आवडत्या सिनेमाचे दोष सांगायला जीव कचरतो, पण सांगायला हवेत.

पहिला दोष हॉलीचा. नवऱ्याने माफी मागितली, छान. पण शेवट कसा होतो? ग्रूबर तिच्या मनगटाला धरून लोंबकळतो. तिच्या हातात कंपनीने कामगिरीबद्दल दिलेलं महागडं घड्याळ असतं. मॅक्लेन त्या घड्याळाचा पट्टा सोडतो आणि ग्रूबर खाली जातो. थोड्या वेळाने मॅक्लेन तिची ओळख तिच्या माहेरच्या आडनावाने करून देतो, म्हणजे तो शिकलाय. ती मात्र सुधारून नवऱ्याचं आडनाव सांगते. नवरा एक पाऊल पुढे आला आणि सिनेमाने बायकोला दोन पावलं मागे नेलं. तिची नोकरी हा जणू घड्याळासारखाच काढून टाकायचा बोजा होता.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. पॉवेल हा भला माणूस टेबलकाम का करतो? कारण त्याच्या हातून तेरा वर्षांच्या मुलाला गोळी लागलेली असते. मुलाच्या हातात खेळण्यातली बंदूक होती. त्यानंतर त्याला हत्यार उचलवत नाही. आणि सिनेमा त्याला ‘बरा’ कसा करतो? शेवटी तो पुन्हा गोळी झाडतो, माणूस मारतो, आणि संगीत उंचावतं. थिएटरात टाळ्या पडत असत. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात खेळण्यातली बंदूक हातात असलेला बारा वर्षांचा मुलगा खरोखरच पोलिसाच्या गोळीने मेला. त्यानंतर हे दृश्य पाहताना मला टाळी वाजवता येत नाही. मॅक्लेनला चूक कबूल करायला शिकवणारा सिनेमा पॉवेलला चूक विसरायला शिकवतो. सिनेमाचं स्वतःचंच शहाणपण तिथे तुटतं.

नक्कल कशाची झाली

यश आलं की नकला येतात. १९९२ मध्ये ‘अंडर सीज’ म्हणजे जहाजावरचा डाय हार्ड, त्याच वर्षी ‘पॅसेंजर ५७’ विमानातला, १९९४ मध्ये ‘स्पीड’ बसमधला. त्यातला ‘स्पीड’ खुद्द यान द बाँटनेच दिग्दर्शित केला आणि उत्तम केला. बाकीच्या पुष्कळांनी बंद जागा, एकटा नायक आणि हुशार खलनायक एवढं उचललं. काच उचलायची राहिली.

गंमत म्हणजे मूळ मालिकेलाही तोच विसर पडला. १९९०, १९९५, २००७, २०१३ असे चार पुढचे भाग आले. २००७ च्या भागात मॅक्लेन लढाऊ विमानाशी झुंजतो आणि उठून चालू लागतो. ज्याला काच लागली होती त्याला आता विमानही लागत नाही. म्हणजे ज्या अभेद्य नायकाला त्याने १९८८ मध्ये मागे टाकलं, तोच तो स्वतः झाला.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘डाय हार्ड’चा समावेश झाला, म्हणजे जतन करण्याजोगा वारसा ठरला. हा नाताळचा सिनेमा आहे की नाही यावर दर डिसेंबरला वाद होतो. आणि २०२२ मध्ये ब्रूस विलिसच्या कुटुंबाने जाहीर केलं की वाचादोषामुळे तो अभिनय थांबवतोय. पुढच्या वर्षी मेंदूच्या डिमेन्शियाचं निदान सांगितलं. ज्याची ओळखच बडबड होती त्याचे शब्द गेले. त्यानंतर ते काचा उपसण्याचं दृश्य पाहिलं तर ते वेगळंच ऐकू येतं. एक माणूस वॉकीटॉकीवरून घाईघाईने, आवाज कापत, सांगायचं ते सांगून टाकतोय.

म्हणून माझं उत्तर साधं आहे. हा सिनेमा टिकला कारण त्यातल्या सगळ्या गोळ्या-स्फोटांच्या खाली एक रोजची भीती आहे, की बोलायचं राहून जाईल.

पुढच्या वेळी टीव्हीवर लागला तर जरूर पाहा. आणि त्या दिवशी घरात कुणाशी वाजलं असेल, तर सिनेमा संपायची वाट पाहू नका.

भेटू पुढच्या भागात.